किडे नसलेलं शेण

धाकटीने जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर शेणाचा एक अख्खा पो आणून ठेवला. शेजारी घोड्याच्या लिदीचे चार गोळे मांडले. सकाळच्या चहाचे कप अजून टेबलावरच होते.

"अगं, माणसं खातात इथे!" वहिनी खुर्चीसकट मागे सरकली.

"वास येतोय का? नाही ना? तेच तर म्हणतेय मी. कुणीतरी बघा तरी."

कुणीही बघितलं नाही. धाकटी बारा वर्षं विद्यापीठात शेणकिड्यांवर शिकवत होती, मोठमोठ्या सभांमध्ये बोलून आली होती, पण या घरात ती अजून शेंडेफळच होती. शेंडेफळाने काहीही आणलं की सगळ्यांनी आधी टेबलाची काळजी करायची, ही इथली जुनी रीत.

"आज नको गं," ताई म्हणाली. पहाटेपासून ती कागद लावत बसली होती. "बारा वाजता गवतबाई येणार. मला अजून तुमच्या सह्या हव्यात, आणि तू शेण मांडून बसतेस."

गवतबाई म्हणजे कुरण खात्याच्या तपासनीस. दर सहा वर्षांनी त्या यायच्या, गुडघ्यांवर बसून गवत मोजायच्या आणि घरामागच्या माळावर कळप राहणार की जाणार ते ठरवायच्या. परवान्याच्या अटी तशा सोप्या होत्या. एकवीस ठेंगणी मातकट घोडी, ज्यांच्या जातीची सगळीकडची मिळून चारशेसुद्धा भरणार नाहीत, आणि चौदा लांबशिंगी लाल गाई, त्याही तितक्याच मोजक्या. त्यांना खायला घालायचं नाही, गोठा द्यायचा नाही, औषध द्यायचं नाही. त्यांनी आपलं आपण चरायचं. घोडी गवत बुडापासून कुरतडतात, गाई उंच गवत जिभेने ओढून तोडतात, आणि दोन्ही मिळून काटेरी झुडपांना डोकं वर काढू देत नाहीत. बाबांनी पहिली जनावरं सोडली तेव्हा या माळावर काटवण इतकं माजलं होतं की माणसाला सरळ चालता येत नव्हतं. आता तिथे पन्नासेक प्रकारचं गवत होतं आणि गवतात अंडी घालणारे पक्षी होते. परवाना गेला तर कळप लिलावाने चार दिशांना जाणार आणि माळावर लागवडीची झाडं येणार, ओळीने लावलेली, एका उंचीची. चोवीस वर्षं ताईने या कळपामागे काढली होती. तिचं लग्न राहून गेलं, गुडघे गेले, आणि तिला त्यातल्या फक्त गुडघ्यांचं वाईट वाटत होतं.

"हा पो पंधरा दिवसांचा आहे," धाकटी म्हणाली. तिने चमच्याच्या दांड्याने पो फोडला. वहिनीने तो चमचा नीट बघून ठेवला. "पंधरा दिवसांत याचा भुगा व्हायला हवा. चाळणीसारखी भोकं पडायला हवीत. इथे एक भोक दाखवा मला. एक!"

"थंडी आहे," दादा वर्तमानपत्राआडून म्हणाला.

"थंडीत निम्मे असतात. शून्य नसतात. काल दिवसभरात मी साठ पो उलटे केले. कुंपणाच्या या बाजूच्या साठांत मिळून चार किडे सापडले, त्यातले तीन मेलेले." तिने सगळ्यांकडे एकेकाकडे बघितलं. "शेणकिडे असे एकदम जातात ते एकाच गोष्टीने. जंताच्या औषधाने. जनावराच्या पोटात गेलं की शेणात उतरतं, आणि शेण खाणारा मरतो. मग शेण पडून राहतं, खालचं गवत गुदमरतं, पक्ष्यांच्या पिल्लांना खायला काही उरत नाही. कळपाला कुणीतरी औषध दिलंय."

ताईच्या हातातले कागद तसेच राहिले. मग तिने मान वळवून दादाकडे बघितलं. धाकटीनेही बघितलं. जनावरांचा डॉक्टर घरात एकच होता.

---

"माझ्याकडे काय बघता?" दादाने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "चार महिन्यांत मी या घरात पाय ठेवलेला नाही."

"पाय ठेवला नाहीस, पण फोन करतोस ना?" ताई म्हणाली. "मागच्याच महिन्यात म्हणालास, ताई, ती फाटक्या कानाची घोडी खंगलीय, एक डोस देऊन बघ. म्हणालास की नाही?"

"म्हणालो. तू नाही म्हणालीस. विषय संपला."

"तुझा विषय कधी संपतो? एकोणीस वर्षांचा होतास तेव्हापासून हेच. बाबांनी सुईसकट फाटकाबाहेर काढलं होतं तुला."

ते खरं होतं, आणि दादाला ते उगाळलेलं मुळीच आवडत नसे. कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत तो सुई घेऊन एका आजारी शिंगराजवळ बसला होता. बाबा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, हात लावायचा नाही. शिंगरू दुसऱ्या दिवशी गेलं. त्यानंतर दादा शहरात गेला आणि लठ्ठ मांजरांचा नावाजलेला डॉक्टर झाला. लठ्ठ मांजरांना हात लावलेला चालतो.

"माझ्या दवाखान्यातली एक बाटली जरी इथे आली असेल ना," तो आवाज चढवून म्हणाला, आणि तिथेच अडला.

चार बाटल्या. दीड महिन्यापूर्वी फळीवर चार बाटल्या कमी होत्या. त्याने विचारलं तेव्हा बायको म्हणाली होती, आईंनी मागितल्यात, कुत्र्यासाठी. तो बरं म्हणाला होता आणि जेवायला बसला होता. इथला कुत्रा दोन वर्षांपूर्वी मेला होता. खड्डा त्यानेच खणला होता.

त्याने वहिनीकडे बघितलं. ती टेबलावरचा एक डाग नखाने खरवडत होती आणि तिथे डाग नव्हता.

पंधरा वर्षांच्या संसारात दादाने बायकोची बाजू चारचौघांत किती वेळा घेतली, हे वहिनीला बोटांवर सांगता आलं असतं, आणि एक हात पुरला असता. आज मात्र त्याला सुचलं ते एवढंच, की ताईच्या तावडीत तिला देण्यापेक्षा आपणच जाऊ. ताईचा मार खायची त्याला निदान सवय होती.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मी दिलं."

"काय?"

"दिलं म्हणतोय ना. मागे एकदा येऊन गेलो. तू बाजारात होतीस."

"आत्ताच म्हणालास चार महिन्यांत आलो नाही!"

"मोजताना चुकलं."

"मोजताना चुकलं!" ताईने कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटला. लिदीचा एक गोळा घरंगळत वहिनीच्या मांडीत पडला. ती किंचाळली नाही, यावरूनच दादाला उरलंसुरलं कळलं. "चोवीस वर्षं! थंडीत, चिखलात, एकटी! तुम्ही दोघं येता, दोन दिवस राहता, हिने शेण मोजायचं आणि तू औषध पाजायचं. आणि बाई आल्या की तोंड मी द्यायचं. अरे, तुला डोकं आहे की नुसतीच डिग्री आहे?"

"दादा, कुठलं औषध? किती डोस?" धाकटी वही काढून विचारत होती. "पाजलंस कसं पण? ती तर पन्नास पावलांवर माणूस दिसला तरी निघून जातात."

दादाने वर्तमानपत्र पुन्हा उचललं.

---

आई मोरीपाशी कप विसळत होती. स्वयंपाकघराचं दार उघडंच असायचं, त्यामुळे या घरात तिच्यापासून कधी काही लपलं नाही. आणि तिला कधी कुणी काही सांगितलंही नाही, कारण सगळे धरून चालायचे, की ऐकलं असेल तिने.

मोरीवरच्या खिडकीतून माळ दिसत असे. एक्केचाळीस हिवाळे तिने त्या खिडकीतून बघितले होते. कुठली घोडी गाभण आहे, कुठल्या गाईचं वासरू मागे पडतंय, हे तिला ताईच्या आधी कळायचं. पण माळ तिचा नव्हता. माळ ह्यांचा होता, मग ताईचा झाला. तिला एवढंच माहीत होतं की हात लावायचा नाही. दर हिवाळ्यात कळपातलं एखादं पोर पडायचं, उठायचा प्रयत्न करायचं, पुन्हा पडायचं. ती भांडी घासत ते बघायची. ह्यांना सांगितलं तर म्हणायचे, बघू नकोस. खिडकी मोरीवर काढलीत, मग बघू नको तर काय करू, असं तिला एक्केचाळीस वर्षं विचारायचं होतं.

बाहेर तिचा मुलगा मार खात होता, आणि सून गप्प होती. आईने पदराला हात पुसले आणि दारात येऊन उभी राहिली.

"त्याला ओरडू नकोस. मी दिलं."

तिघंही वळली. वहिनीने डोळे मिटून घेतले.

"आई, तू मध्ये पडू नकोस," दादा म्हणाला.

"मध्ये काय पडू नको? तुला धड खोटंही बोलता येत नाही. औषध मी मागवलं. हिला फोन करून मागवलं, दुपारचा, तू दवाखान्यात असताना. कुत्र्यासाठी हवं म्हणून सांगितलं, टपालाने धाड म्हटलं. हिचा काही दोष नाही."

"आई, कुत्रा मेलाय," धाकटी म्हणाली.

"ठाऊक आहे मला. खड्ड्यावर दगड मीच ठेवला."

"अहो, मला तेव्हा आठवलंच नाही," वहिनी दादाला म्हणाली, आणि मग ताईकडे वळली. "आणि खरं सांगू का, ताई? आठवलं असतं तरी दिल्या असत्या. फोनवर रडत होत्या आई. तुम्ही इथेच असता ना? तुम्हाला कधी दिसल्या का रडताना?"

ताईला ते लागलं, म्हणून तिने ते ऐकलं नाही असं दाखवलं. "आई, पण दिलंस कसं तू?"

"कोंड्यात कालवून. मीठ घालायचं. परसातल्या कुंपणाच्या खालच्या फळीखालून घमेलं सरकवून ठेवायचं. पहिले आठ दिवस कुणी फिरकलं नाही. मग ती फाटक्या कानाची आली. तिला खोकला होता. मग तिच्या मागून एकेक." आईचा आवाज नकळत हलका झाला. "खोकला थांबला तिचा. या हिवाळ्यात एकही पोर पडलं नाही, बघितलंस ना? तूच म्हणालीस ना परवा, आई, यंदा सगळी जगली?"

ताई म्हणाली होती. आनंदाने म्हणाली होती, आणि आईने त्या दिवशी तिला दुसऱ्यांदा चहा करून दिला होता. तेव्हा तिला वाटलं होतं, आईलाही कळपाचं कौतुक वाटायला लागलं.

"अगं पण नियम तुला माहीत होता ना?"

"नियम माहीत होता. कारण कुणी सांगितलं?" आता आईचाही आवाज चढला. "हात लावायचा नाही. झालं. तुझे बाबा तेवढंच बोलायचे आणि तू त्यांची मुलगी. शेणात किडे असतात, ते औषधाने मरतात, पक्षी उपाशी राहतात, हे आज मी पहिल्यांदा ऐकतेय. ही पोरगी शंभर माणसांपुढे किड्यांवर बोलते. माझ्यापुढे कधी बोलली?"

धाकटीने वही मिटली. तिने आईला एकदा सांगायला सुरुवात केली होती, तिला आठवलं. मग फोन आला होता.

"आता या नवव्या प्रश्नाचं काय करायचं ते बोला," ताई खुर्चीत बसत म्हणाली. तिने कागद पुढे ओढला. "वर्षभरात कळपाला औषध, खाद्य किंवा निवारा दिला का? हो की नाही. खाली चौघांच्या सह्या."

"नाही लिही," दादा म्हणाला.

"नाहीच लिहा," वहिनी म्हणाली. पंधरा वर्षांत नवराबायकोचं एका दमात एकमत झालेलं धाकटीला तरी आठवत नव्हतं.

"मी खोट्यावर सही करणार नाही," धाकटी म्हणाली. "माझी नोकरी आहे. माझं नाव आहे या विषयात."

"तुझं नाव आहे, आणि माझं आयुष्य आहे," ताई म्हणाली. "सही कर."

"ताई, तू? तू खोटं लिहिणार? मागे खात्याने एक घोडी जास्त मोजली तर तू स्वतः पत्र लिहून कळवलं होतंस!"

"तेव्हा जनावरं जाणार नव्हती, म्हणून लिहिलं. आता सगळी जातील. मी तत्त्वाची आहे, वेडी नाही."

"मग हे शेण लपवायचं कुठे? कळपाने मैलभर पसरून ठेवलंय! बाई शेणाकडे बघणार नाहीत असं वाटतं का तुला?"

"तू तरी आणलंस कशाला ते टेबलावर? बाई आल्या असत्या, गवत मोजून गेल्या असत्या!"

"म्हणजे दोष माझा!"

"तुझा, याचा, हिचा, सगळ्यांचा! एकदा तरी या घरात कुणी मला विचारून काही करेल का?"

"तुला विचारलं की तू नाही म्हणतेस," आई म्हणाली. "म्हणून नाही विचारलं."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. गवतबाई वेळेच्या आधी येतात हे ताईने तिघांना तीन वेळा सांगितलं होतं.

---

गवतबाईंनी चहाला हात लावला नाही. "आधी माळ," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यांवर जाड पट्ट्या बांधायला लागल्या. त्यांच्याकडे एक लाकडी चौकट होती, हातभर लांबरुंद. ती गवतावर टाकायची, आतल्या प्रत्येक काडीचं नाव लिहायचं, मग दहा पावलं पुढे जायचं. ताईला त्यांची ही पद्धत मनापासून आवडायची. आज तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. काखेतल्या कागदावर नववा प्रश्न कोराच होता.

सगळं घर मागे निघालं. दादा आणि धाकटी एकमेकांशी न बोलता, वहिनी शहरातले बूट चिखलात रुतवत. फाटकापाशी ताईने मागे बघितलं तर आईही येत होती. एक्केचाळीस वर्षांत ती फाटकाच्या आत आली नव्हती. तिला नको म्हणायचं ताईच्या जिभेवर आलं होतं, पण बाई समोर होत्या.

पहिल्या चार चौकटी छान गेल्या. "अरे वा," बाई एका कसल्याशा निळसर काडीपाशी वाकून म्हणाल्या, "हे इथे परत आलंय? मी तर आशा सोडली होती." त्यांनी लिहिलं, पुन्हा बघितलं. त्यांच्या पुढ्यातच एक कोरडाठक्क पो पडला होता. त्यांनी तो पेनाने उलटला, पेन गवताला पुसलं आणि पुढे गेल्या. ताईने काखेतला कागद आणखी दाबून धरला.

चढ संपला तसा कळप दिसला. घोडी उतारावर पांगली होती, गाई त्यांच्या खाली. बाईंनी वहीचं पान उलटलं. कळप माणसाला किती अंतरावर टाळतो, ते त्या आता लिहिणार होत्या. एरवी कळप पन्नास पावलांवर मान वर करायचा आणि शांतपणे दूर व्हायचा. मागच्या वेळी बाई त्यावर खूश होऊन गेल्या होत्या.

फाटक्या कानाची घोडी मान वर करून बघायला लागली. मग तिने नाक फुरफुरवलं आणि ती चालायला लागली, त्यांच्याच दिशेने. चालता चालता धावायला लागली. तिच्या मागे दुसरी निघाली, मग शिंगरं, मग खालून गाईसुद्धा. बघता बघता सगळा कळप उधळल्यासारखा चढ चढून आला. वहिनी दादाच्या मागे लपली. ताई पुढे झाली, हात पसरून ओरडली, टाळ्या वाजवल्या. जनावरं तिला वळसा घालून गेली. चोवीस वर्षं जिने त्यांच्यासाठी हाडं झिजवली तिच्याकडे एकाही जनावराने ढुंकून बघितलं नाही. ती सगळी आईभोवती जाऊन उभी राहिली आणि तिच्या हातांना, पदराला नाक लावून कोंडा हुंगायला लागली.

"हे काय आहे?" गवतबाई म्हणाल्या.

दादाने घसा साफ केला. धाकटीने ताईकडे बघितलं, ताईने जमिनीकडे.

"मी खायला घालते यांना, बाई," आई म्हणाली. गाईचं एक शिंग तिच्या खांद्याजवळ होतं आणि ती ते सहज बाजूला सारत होती. "दीड महिना झाला. कोंडा, मीठ आणि जंताचं औषध. या पोरांपैकी कुणाला ठाऊक नव्हतं. कागदावर हो लिहा."

बाईंनी वही मिटली. "मग हा कळप पाळीव झाला. मला तसं लिहावं लागेल."

"औषध उतरतं बाई," धाकटी घाईने म्हणाली. "बंद केलं की दोन महिन्यांत शेण स्वच्छ होतं. पलीकडच्या कुरणात किडे आहेत, ते उडत येतील. मी स्वतः मोजून कळवीन तुम्हाला, दर आठवड्याला."

"औषधाचं मी समजू शकते. हे कसं समजू?" बाईंनी कळपाकडे हात केला. "आज आजींकडे आली. उद्या कुंपणाबाहेरून जाणाऱ्या माणसाच्या पिशवीत तोंड घालतील. लेकरू असेल एखादं. शिंग लागलं तर जबाबदार कोण? जनावर माणसाकडे खायला मागायला लागलं की ते रानचं राहत नाही. आणि ते एकदा शिकलं की विसरत नाही, हा माझा अनुभव आहे."

"एक हिवाळा द्या," ताई म्हणाली. आपला आवाज इतका लहान येईल असं तिला वाटलं नव्हतं. "बाई, मी हात जोडते. एवढा हिवाळा द्या."

"देऊन काय होईल? तुम्ही आत्ता हाकललंत. गेली का?"

ताईने खाली वाकून एक ढेकूळ उचललं आणि एका लाल गाईच्या पाठीवर मारलं. गाय दोन पावलं सरकली, आईच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.

आई हे बघत होती. फाटक्या कानाची घोडी तिच्या काखेत नाक खुपसून उभी होती आणि तिच्या श्वासाने आईचं पातळ ओलं झालं होतं. आईने तिचं तोंड दोन्ही हातांनी धरलं, बाजूला केलं आणि मागे सरली. मग वाकली. वाकायला तिला वेळ लागला. ती उभी राहिली तेव्हा तिच्या हातात ढेकूळ होतं.

"आई," दादा म्हणाला.

आईने ढेकूळ मारलं. नेम नव्हता, जोर होता. घोडीच्या खांद्यावर बसून ते फुटलं. घोडी हलली नाही. ती नुसती आईकडे बघत राहिली, दोन्ही कान पुढे करून, त्यातला एक फाटका.

"जा!" आई ओरडली. या घरात तिचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. "जा म्हणते ना! काही नाही माझ्याकडे! चालती हो!" तिने दुसरं मारलं, ते तोंडावर बसलं. घोडी दचकून दोन पायांवर झाली, वळली आणि पळाली. तिच्या मागे शिंगरं पळाली. गाई गोंधळून इकडे तिकडे झाल्या, मग त्याही निघाल्या. शंभर पावलांवर जाऊन कळप थांबला आणि मागे वळून उभा राहिला.

वहिनी तोंडाला हात लावून रडत होती. धाकटी आईजवळ गेली, पण आईने तिला हाताने थांबवलं.

गवतबाईंनी कळपापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. मग त्यांनी वही उघडली. "थंडी संपेपर्यंत परवाना तात्पुरता ठेवते," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी मी न कळवता येईन. पन्नास पावलांच्या आत एक जरी जनावर आलं, तर मला सांगू नका की वेळ द्या."

"हो बाई," ताई म्हणाली. तिला बाईंचा हात धरावासा वाटला, पण बाई पाचवी चौकट टाकायला खाली बसल्याही होत्या.

ताई आईपाशी आली. आईचे हात मातीने भरले होते. ताईने ते आपल्या हातात घेतले. शेवटचे कधी घेतले होते तेही तिला आठवेना.

"किती दिवस मारावं लागेल?" आईने विचारलं.

"हिवाळाभर. जेव्हा जेव्हा येतील तेव्हा." "तू घरात बस आई. खिडकीशीही येऊ नकोस. मी मारीन."

"तू मारून उपयोग नाही." आईने हात सोडवून घेतले. "तू मारलंस तर ती तुला टाळतील आणि माझ्याकडे येतील. मीच मारायला हवं."

फाटक्या कानाची घोडी कळपातून बाहेर पडली होती. मान खाली घालून, एकेक पाऊल टाकत ती परत आईकडे यायला लागली होती. आई वाकली आणि तिने आणखी एक ढेकूळ उचललं.